पट्टीतला लॉट, लॉटातलं वजन : एकात एक एक्सएमएलवर क्वेरी चुकते तेव्हा वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना आणि काही हिशेबनिसांना मी छोटे प्रोग्राम लिहून देतो. हळद-बेदाण्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठ्या) एका सॉफ्टवेअरमधून एक्सएमएल फाईलनं, म्हणजे कोन-कंसातल्या नावांच्या (टॅगांच्या) पोटात माहिती ठेवलेल्या फाईलनं, काढायच्या आणि दुसऱ्यात घालायच्या, एवढंच काम. त्या फाईलीतून हवं ते मागायला जी ओळ लिहायची ती क्वेरी. फोन मात्र सगळे एकाच सुरात येतात. "दादा, क्वेरी चालतीय, एरर काय न्हाई, पण आकडा चुकतोय." एरर आली असती तर बरं झालं असतं, निदान तिथंच थांबता आलं असतं. आकडा शांतपणे चुकतो आणि पट्टी शेतकऱ्याच्या हातात पडल्यावर कळतं.

तेच तेच प्रश्न फोनवर सांगून घसा बसला, म्हणून इथं लिहून ठेवतो. सगळी उत्तरं या एकाच नमुन्यावर आहेत:

```
<पट्ट्या>
  <पट्टी क्र="४१२">
    <गाव>समडोळी</गाव>
    <लॉट><माल>हळकुंड</माल><वजन>४८०</वजन></लॉट>
    <लॉट><माल>गड्डा</माल><वजन>१२०</वजन></लॉट>
    <कपात><बाब>हमाली</बाब><रुपये>९०</रुपये></कपात>
    <कपात><बाब>तोलाई</बाब><रुपये>३०</रुपये></कपात>
    <कपात><बाब>गाडीभाडं</बाब><रुपये>६००</रुपये></कपात>
  </पट्टी>
  <पट्टी क्र="४१३">
    <गाव>दुधगाव</गाव>
    <लॉट>
      <माल>हळकुंड</माल><वजन>३००</वजन>
      <शेरा>माल <ठळक>ओला</ठळक>, दर नंतर</शेरा>
    </लॉट>
  </पट्टी>
</पट्ट्या>
```

वाचायला सोपं जावं म्हणून आकडे आणि फंक्शनची नावं मी देवनागरीत लिहिलीत. टाइप करताना आकडे आणि फंक्शनची नावं इंग्रजीतच द्यायची. (टॅगचं काय, ते खाली एका प्रश्नात आलंय.)

"पहिला लॉट" मागितला, तर दोन लॉट का आले?

कारण तुम्ही "प्रत्येक पट्टीतला पहिला" असं मागितलंत. `//लॉट[१]` लिहिलं की मनात अर्थ येतो "सगळ्या फाईलीतला पहिला लॉट". एक्सपाथ, म्हणजे एक्सएमएलमधून हवं ते शोधायची भाषा, तसं वाचत नाही. चौकोनी कंस हा शेजारच्या "लॉट" या पायरीला चिकटतो, आणि दोन तिरक्या रेघा म्हणजे "फाईलीतल्या प्रत्येक घरात जा" असा हुकूम. प्रत्येक घरात जाऊन तिथला पहिला लॉट उचलला जातो. ४१२ मधून ४८० किलोचा आला, ४१३ मधून ३०० किलोचा आला.

सगळ्या फाईलीतला पहिला हवा असेल तर आधी गोळा करा, मग मोजा:

```
(//लॉट)[१]
```

गोल कंसानं सगळा खेळ बदलतो. हे पटवायला मी एक प्रयोग करायला लावतो. फाईलीत लॉट तीन आहेत, तर `//लॉट[३]` मागून बघा. काहीच येत नाही, कारण तीन लॉट असलेली एकही पट्टी इथं नाही. `(//लॉट)[३]` मागा, दुधगावचा लॉट येतो. १९९९ साली एक्सपाथचं पहिलं प्रमाण निघालं तेव्हापासून हा नियम असाच आहे, त्यामुळं "नव्या व्हर्जनमध्ये सुधारलं असेल" या आशेवर राहू नका.

शेऱ्यातला मधलाच शब्द गळतो. असं का?

नमुन्यात दुधगावच्या लॉटचा शेरा बघा. "माल ओला, दर नंतर". त्यातला "ओला" ठळक करायला कुणीतरी वेगळ्या टॅगात घातलाय. आता `शेरा/टेक्स्ट()` मागितलं तर दोन तुकडे मिळतात, "माल " आणि ", दर नंतर". ओला गेला. नेमका ज्या शब्दावर दर ठरणार तोच गेला.

टेक्स्ट() त्या टॅगच्या थेट पोटातला मजकूर देतं, नातवंडांचा देत नाही. सगळा मजकूर सलग हवा असेल तर `स्ट्रिंग(शेरा)` वापरा. ते आत कितीही खोल असलं तरी सगळं वेचून एकत्र जोडतं.

हरिपूरची हळदीची पेवं ज्यांनी बघितलीत त्यांना हे पटकन समजतं. पेवाचं तोंड लहान, पोट मोठं. तोंडाशी हात घालून जे लागेल ते टेक्स्ट(), आणि आत उतरून सगळं बाहेर काढणं ते स्ट्रिंग().

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एलिमेंटट्री या एक्सएमएल वाचायच्या लायब्ररीत तर आणखी एक घडी आहे. तिथं `.टेक्स्ट` म्हणजे पहिल्या आतल्या टॅगच्या आधीचा मजकूर, बस. इथं फक्त "माल " मिळेल. उरलेला ", दर नंतर" हा "ठळक" या टॅगच्या शेपटीला, म्हणजे त्याच्या `.टेल` मध्ये जाऊन बसतो. शेऱ्याचा मजकूर शेऱ्यात नसून त्याच्या लेकराच्या शेपटीला आहे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. `इटरटेक्स्ट()` नं सगळे तुकडे क्रमानं मिळतात, ते जोडून घ्या.

मायएसक्यूएलमध्ये दोन लॉटची पट्टी एकाच लॉटच्या वजनावर का निघते?

हा प्रश्न एका दिवाणजींनी विचारला होता, आणि तो सापडायला मला दीड दिवस लागला.

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या एक्स्ट्रॅक्टव्हॅल्यू या फंक्शनला ४१२ च्या पट्टीचं वजन मागा. एकापेक्षा जास्त वजनं सापडली तर ते एरर देत नाही, पहिलंही देत नाही. सगळी एका ओळीत, मध्ये एकेक जागा सोडून देतं: "४८० १२०". हा मजकूर आहे, आकडा नाही. आता त्याला दरानं गुणलं की मायएसक्यूएल त्या मजकुराचा आकडा करायला जातं, सुरुवातीचे जेवढे अंक जुळतात तेवढे घेतं आणि पुढचं सोडून देतं. म्हणजे ४८०. एक सूचना येते खरी, पण प्रोग्राममधून क्वेरी चालत असेल तर ती वाचतो कोण? गड्ड्याचे १२० किलो हवेत विरले.

एक लॉटच्या पट्ट्या सगळ्या बरोबर निघतात, त्यामुळं चाचणीत हे कधीच सापडत नाही. बेरीज हवी असेल तर क्वेरीच्या आतच `सम(//वजन)` लिहा, आणि एकच हवं असेल तर कितवं ते कंसात सांगा.

याच फंक्शनची आणखी दोन वैशिष्ट्यं सांगून ठेवतो. सापडलेल्या टॅगच्या आत दुसरे टॅग असतील तर त्यांचा मजकूर ते देत नाही, वरच्या शेऱ्याचीच गत होते. आणि टॅग मुळात नसला काय किंवा असून रिकामा असला काय, दोन्ही वेळी रिकामी स्ट्रिंग मिळते. फरक कळायला हवा असेल तर `काउंट()` नं आधी मोजा. जोडीचं अपडेटएक्सएमएलही बेरकी आहे. बदलायच्या जागा एकापेक्षा जास्त सापडल्या तर ते काहीच बदलत नाही, मूळ मजकूर जसाच्या तसा परत देतं आणि तक्रारही करत नाही.

शेतकऱ्याची पट्टी दुसऱ्याच शेतकऱ्याच्या मोबाईलवर गेली. हे कसं झालं?

हे माझ्याच हातून झालंय, त्यामुळं सविस्तर सांगतो. पट्ट्यांमधून सगळी नावं एका यादीत काढली, सगळे मोबाईल नंबर दुसऱ्या यादीत, आणि पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा अशा जोड्या लावल्या. चाळीसेक पट्ट्या होत्या. तिसऱ्या शेतकऱ्याकडं मोबाईलच नव्हता, म्हणून त्याच्या पट्टीत तो टॅगच नव्हता. `//मोबाईल` या क्वेरीला नसलेली गोष्ट दिसत नाही, ती रिकामी जागा सोडत नाही. चौथ्याचा नंबर तिसऱ्याला लागला, पाचव्याचा चौथ्याला, आणि शेवटपर्यंत सगळी रांग एकेक घर सरकली.

रात्री आठला फोन आला. "माझी हळद अजून घरात हाय, तुमी पट्टी कसली पाठवलाय?" त्या माणसाला दुसऱ्याच्या हळदीचे पैसे दिसत होते. पाठोपाठ ज्याचे ते पैसे होते त्याचाही फोन, आणि तो एवढ्या शांत आवाजात बोलत नव्हता.

उपाय साधा आहे. आधी पट्ट्यांवरून फिरा, आणि एकेका पट्टीत उभं राहून तिचं नाव आणि तिचा मोबाईल मागा. नसेल तर तिथंच "नाही" म्हणून कळेल. दोन स्वतंत्र याद्या काढून शिवण मारायची सवय आजच सोडा. याद्यांची लांबी तपासणंही पुरत नाही. एकाला मोबाईल नाही आणि एकाला दोन आहेत, अशी फाईल मी पाहिलीय. लांबी बरोबर, मधल्या जोड्या सगळ्या चुकीच्या.

वजन तिप्पट आणि कपात दुप्पट दिसते. फाईल तर बरोबर आहे?

फाईल बरोबरच आहे, सपाट करताना, म्हणजे एकात एक माहिती ओळी-रकान्यांत मांडताना, गडबड झालीय.

४१२ च्या पट्टीत दोन लॉट आणि तीन कपाती आहेत. या दोन याद्या एकमेकींच्या बहिणी, आई-मुली नव्हेत. हळकुंडाच्या लॉटचा गाडीभाड्याशी खास संबंध काहीच नाही. पण तुम्ही पट्टीला लॉट जोडलेत आणि त्यालाच पुढं कपात जोडलीत, की प्रत्येक लॉटशी प्रत्येक कपात लागते. दोन गुणिले तीन, सहा ओळी. आता वजनाची बेरीज घ्या. खरं ६००, येणार १८००. कपातीची खरी बेरीज ७२०, येणार १४४०.

एक्सेलच्या पॉवर क्वेरीत हे माऊसनंच होतं. लॉटच्या रकान्यावरचा बाण दाबून तो उलगडला, मग कपातीचा उलगडला, झालं. डेटाबेसमध्ये दोनदा क्रॉस अप्लाय (ओळीला तिच्या पोटातल्या यादीच्या ओळी जोडायची आज्ञा) लावला की तेच.

मग कुणीतरी सांगतं, डिस्टिंक्ट लाव, जादाच्या ओळी जातील. हा उपाय मूळ रोगापेक्षा वाईट. शेतकऱ्यानं १२० किलोचे दोन सारखेच लॉट आणले असतील तर डिस्टिंक्ट त्यातला एक खाऊन टाकतो. शेतकऱ्याचे १२० किलो तुम्ही कोणत्या तोंडानं भरून देणार?

बरोबर रीत अशी: लॉटची बेरीज पट्टीनिहाय वेगळी काढायची, कपातीची वेगळी काढायची, दोन्हीत प्रत्येक पट्टीची एकच ओळ उरली की मग पट्टी क्रमांकावर जोडायचं. दिवाणजी कागदावर असंच करतात. माल डावीकडं, कपात उजवीकडं, दोन्हींच्या बेरजा खाली, आणि वजाबाकी शेवटी.

२०० किलोपेक्षा जास्त गड्डा असलेल्या पट्ट्या मागितल्या, तर ४१२ का आली? तिच्यात गड्डा १२० च आहे.

क्वेरी अशी असणार:

```
//पट्टी[लॉट/माल = 'गड्डा' and लॉट/वजन > २००]
```

(मधला जोडशब्द नाइलाजानं तसाच ठेवावा लागतो, तो "आणि" समजून वाचा.) यात दोन वेगळे प्रश्न आहेत. या पट्टीत कुठलातरी लॉट गड्ड्याचा आहे का? आहे. या पट्टीत कुठल्यातरी लॉटचं वजन २०० च्या वर आहे का? आहे, हळकुंडाचं. दोन्हींना हो आलं, पट्टी आली. तो एकच लॉट असला पाहिजे असं तुम्ही कुठं म्हणालात?

दोन्ही अटी एकाच लॉटला बांधायच्या तर लॉटच्या कंसात घाला:

```
//पट्टी[लॉट[माल = 'गड्डा' and वजन > २००]]
```

आणि "गड्डा नसलेल्या" पट्ट्या?

त्याचाच भाऊ. `लॉट/माल != 'गड्डा'` म्हणजे "एखादा लॉट तरी गड्डा सोडून दुसरा आहे का". ४१२ मध्ये हळकुंड आहे, म्हणून तीही येते. तुम्हाला म्हणायचंय "एकही लॉट गड्ड्याचा नाही". त्यासाठी नकार बाहेर काढा: `नॉट(लॉट/माल = 'गड्डा')`. मग एकटी ४१३ येते.

एकेका पट्टीवरून फिरतोय, तरी प्रत्येक पट्टीचं वजन ९०० च येतंय.

४८०, १२० आणि ३०० मिळून ९००, म्हणजे सगळ्या फाईलीचं वजन. तुम्ही पट्टीत उभे आहात, पण क्वेरी `//वजन` अशी लिहिलीत. सुरुवातीलाच तिरकी रेघ आली की शोध फाईलीच्या मुळापासून निघतो, तुम्ही कुठंही उभे असा. समोर एक टिंब द्या: `.//वजन`. टिंब म्हणजे "इथून खाली". पायथनच्या एलएक्सएमएल लायब्ररीत आणि डॉटनेटमध्ये ही चूक बिनबोभाट चालते. साध्या एलिमेंटट्रीत फाइंडऑल ला असं लिहिलं तर ते सरळ नकार देतं, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

फाईल उघडून बघतो तर टॅग दिसतोय, क्वेरीला मात्र शून्य. काय भानगड?

दहातल्या बहुतेक वेळा नेमस्पेस, म्हणजे टॅगचं घराणं. मुळाच्या टॅगवर एक लांबलचक पत्ता दिलेला असतो, तो बघा. तो असला की खालचे सगळे टॅग त्या घराण्याचे होतात, जरी दिसायला साधे दिसले तरी. एक्सपाथच्या पहिल्या आवृत्तीत बिनउपसर्गाचं नाव म्हणजे "कुठल्याच घराण्याचा नसलेला टॅग". यार्डात उभं राहून नुसतं "ओ पाटील" म्हणून हाक मारली तर चौघं वळतील. इथं उलटं होतं, कुणीच वळत नाही, कारण प्रत्येकाला पूर्ण नावानं हाक लागते.

प्रोग्राममध्ये त्या पत्त्याला एखादा छोटा उपसर्ग बांधा आणि क्वेरीत तोच वापरा. नेटवर सापडणारा `लोकल-नेम()` चा, म्हणजे घराणं न बघता नुसतं नाव जुळवायचा, उपाय चालतो, पण मग दोन घराण्यांतले एकाच नावाचे टॅग एकत्र येतात. बघायच्या कामाला ठीक, पैशाच्या कामाला नको. २००७ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून मूळ घराणं एकदाच सांगून ठेवायची सोय झाली, तरी बरेच डेटाबेस आणि पायथनची साधनं अजून पहिल्याच आवृत्तीवर चालतात.

एकच लॉट असलेली पट्टी आली की प्रोग्राम पडतो. दोन असल्या की चालतो.

तुम्ही एक्सएमएलटूडिक्ट (एक्सएमएलची पायथन डिक्शनरी करून देणारी लायब्ररी) किंवा तसलंच काही वापरताय. दोन लॉट असले की ते यादी देतं, एकच असला की सरळ तो लॉटच देतं, यादीत न घालता. तुमचा प्रोग्राम मग लॉटवर फिरण्याऐवजी त्या लॉटच्या "माल" आणि "वजन" या नावांवर फिरायला लागतो. त्या लायब्ररीत `फोर्स_लिस्ट` नावाची सोय आहे. जो टॅग कधीही एकापेक्षा जास्त येऊ शकतो त्याचं नाव तिथं घालून ठेवा. आज एक आलाय म्हणून उद्या एकच येईल असं नाही, मार्चात हळदीची आवक वाढली की बघा.

पायथनमध्ये `फाइंड` नं वजन सापडतं, तरी `इफ` खोटं म्हणतं?

एलिमेंटट्रीत ज्या टॅगला आत लेकरं नाहीत तो खोटा धरला जातो. वजनाच्या पोटात नुसता आकडा आहे, टॅग नाही, म्हणून तो "नाही". `इज नॉट नन` असं स्पष्ट विचारा. पायथन ३.१२ पासून नुसतं `इफ` लिहिल्यावर इशारा मिळतो.

गटात गट असलेल्या खात्यांची बेरीज फुगते.

टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या माहितीत हे नेहमीचं. खात्यांचे गट, त्यांच्या पोटात गट, व्हाउचरच्या पोटात खात्यांच्या नोंदी, त्यांच्या पोटात बिलनिहाय वाटणी. समजा असं आहे:

```
<गट नाव="येणं">
  <रक्कम>५०००</रक्कम>
  <गट नाव="यार्डातले व्यापारी">
    <रक्कम>२००००</रक्कम>
  </गट>
</गट>
```

प्रत्येक गटावरून फिरून `.//रक्कम` ची बेरीज घेतलीत तर बाहेरच्या गटाला २५,०००, आतल्याला २०,०००, एकूण ४५,०००. खरं येणं २५,०००. आतली रक्कम दोनदा धरली गेली. गटाची स्वतःचीच हवी असेल तर नुसतं `रक्कम` लिहा, रेघा नकोत.

इथंच एक गंमत आहे, ती मला फार आवडते. रक्कम हातात आहे आणि तिचा गट वर चढून शोधायचाय. `अँसेस्टर::गट[१]` म्हणजे सर्वांत जवळचा, "यार्डातले व्यापारी". पण त्यालाच गोल कंस घातला, `(अँसेस्टर::गट)[१]`, की सर्वांत बाहेरचा "येणं" येतो. वर चढताना मोजणी जवळून सुरू होते. कंसात गोळा केलं की मोजणी फाईलीच्या क्रमानं, म्हणजे वरून होते. पहिल्या प्रश्नात कंस घालून सुटलात म्हणून इथंही घालाल तर आजोबाच हाती लागतील.

काही पट्ट्या निकालातून गायबच होतात.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्रॉस अप्लाय लावलाय का? ज्या पट्टीत लॉट नाही तिची ओळच तो टाकत नाही. नुसती उचल दिलीय, माल यायचाय, अशी पट्टी मग हिशेबातून जाते. आउटर अप्लाय वापरा.

वेगवेगळे डेटाबेस एकाच क्वेरीला वेगळं का वागतात?

"एक मागितलं आणि अनेक सापडले" या वेळी काय करायचं यावर त्यांचं एकमत नाही. मायएसक्यूएल जोडून देतं, ते वर आलंच. एसक्यूएल सर्व्हरचं व्हॅल्यू() हटून बसतं. एकच येईल याची खात्री क्वेरीच्या लिखाणातच दिसली पाहिजे, फाईलीत खरंच एक असलं तरी. म्हणून तिथं सगळी वाट गोल कंसात घालून बाहेर `[१]` लावावं लागतं. मधल्या एखाद्या पायरीला लावून भागत नाही. ओरॅकलचं जुनं एक्स्ट्रॅक्टव्हॅल्यू ओआरए-१९०२५ ही एरर देतं. पोस्टग्रेसचं एक्सपाथ() नेहमी ॲरे, म्हणजे यादी, देतं, एक असो वा शंभर. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून एक्सएमएलटेबल आलंय, त्यात एका रकान्यात दोन किमती आल्या तर ते थांबतं.

एक्सपाथमध्येही पिढ्यांचा फरक आहे. पहिल्या आवृत्तीत स्ट्रिंग() ला अनेक टॅग दिले तर ते गुपचूप पहिला घेतं. दुसऱ्या आवृत्तीपासून ती एरर आहे. माझं मत विचाराल तर हटून बसणारा डेटाबेस चांगला. तुमच्या जिवाला ताप होतो, पण पट्टी चुकत नाही.

सम() नं "नॅन" दिलं. म्हणजे?

"हा आकडा नाही" असा त्याचा अर्थ. एखाद्या रकमेत स्वल्पविराम आहे, उदाहरणार्थ ७२,०००, किंवा एखादा टॅग रिकामा आहे. पहिल्या आवृत्तीत एक जरी असा निघाला तरी सगळी बेरीज बुडते. फाईलीत आकडे देवनागरीत असले तरी हेच. एक्सपाथला फक्त इंग्रजी अंक कळतात. पायथनच्या इंट() ला मात्र "४८०" चालतं, त्यामुळं एकाच फाईलीवर एक प्रोग्राम चालतो आणि दुसरा पडतो, आणि दोघं लिहिणारे एकमेकांकडं बघत बसतात.

टॅगच्या आत पूर्ण एक्सएमएल दिसतंय, पण त्यात शिरता येत नाही.

ते सीडेटामध्ये (आतलं नुसता मजकूर धरा, असं सांगणाऱ्या वेष्टणात) गुंडाळलंय, किंवा कोन-कंसांच्या जागी त्यांची सांकेतिक रूपं आहेत. दिसायला टॅग, पण पार्सरच्या (फाईल वाचून टॅग ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या) लेखी ती एक लांब स्ट्रिंग. बंद पाकिटावरून हात फिरवून आतलं पत्र वाचता येत नाही. स्ट्रिंग बाहेर काढा, तिला पुन्हा पार्स करा, आणि मग तिच्यावर वेगळी क्वेरी चालवा.

टॅग मराठीत ठेवले तर चालतात का?

चालतात. १९९८ च्या मूळ एक्सएमएलपासून देवनागरी नावांना परवानगी आहे, वेलांट्या-मात्रांसकट. अडचण न दिसणाऱ्या जोडचिन्हाची. काही कीबोर्ड अर्धा र लिहिताना मध्ये ते घालतात, आणि जुने पार्सर नावात ते चालवून घेत नाहीत. २००८ च्या पाचव्या आवृत्तीपासून त्याला मुभा मिळाली. तरीही एका फाईलीत जोडचिन्हासकट आणि दुसऱ्या फाईलीत त्याशिवाय असं नाव आलं तर डोळ्याला सारखं दिसतं आणि क्वेरीला वेगळं. माझा सल्ला: टॅग साधे ठेवा, मराठी मजकूर आत ठेवा.

फाईल मोठी आहे, सगळी मेमरीत मावत नाही.

पायथनच्या `इटरपार्स` नं तुकड्यातुकड्यानं वाचा. "एंड" (टॅग बंद झाला) या घटनेवरच काम करा. "स्टार्ट" ला टॅग उघडलेला असतो, पण पोटातले लॉट अजून आलेले असतीलच असं नाही. कधी दिसतील, कधी नाही. पट्टी वापरून झाली की `क्लिअर()` करा, नाहीतर मेमरी पुन्हा भरतेच.

फोन करण्याआधी काय पाठवू?

स्क्रीनचा फोटो नको. फाईलीतल्या दोन-तीन पट्ट्या काढून पाठवा. त्यात एक चालणारी, एक चुकणारी, आणि जिच्यात एखादा टॅग मुळातच नाही अशी एक असू दे. शेतकऱ्यांची नावं, मोबाईल आणि बँकेचे खातेक्रमांक बदलून टाका, पण टॅग काढू नका आणि त्यांचा क्रमही हलवू नका. मुळाचा पहिला टॅग पूर्ण हवा, त्यावरचा पत्ता कापू नका. सोबत क्वेरी, कोणत्या प्रोग्रामातून चालवली ते, आणि हातानं काढलेलं बरोबर उत्तर. सौदे चालू असताना, दुपारपर्यंत, मी फोन उचलत नाही. संध्याकाळी दिवाणजी चहाला बसले की मीही मोकळा असतो.